लोखंडाचा सांधा

नांगराचा फाळ मोडला किंवा गाडीच्या चाकाची धाव तुटली, म्हणजे पूर्वी खेड्यातील शेतकरी लोहाराचा भाता गाठीत असे. लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. मोडलेल्या लोखंडाची दोन्ही टोके तो कोळशाच्या भट्टीत खुपशी आणि भाता चालवू लागे. लोखंड आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे आणि शेवटी पांढुरके होई. त्यातून फुलबाजीसारख्या बारीक ठिणग्या फुटू लागल्या, की नेमकी वेळ आली असे तो समजे. टोकांवर थोडी वाळू किंवा टाकणखार टाकून तो ती ऐरणीवर एकमेकांवर ठेवी आणि घणाचे घाव पडू लागत. वाळूमुळे लोखंडावरील काळी खपली वितळून पातळ होई व घावासरशी बाहेर फेकली जाई. मग स्वच्छ लोखंडाला स्वच्छ लोखंड भिडे आणि दोहोंचे एक होई. वेळ किंचित चुकली, तर मात्र सांधा वरून एकजीव दिसे आणि पहिल्याच नांगरटीत उघडा पडे.

दिल्लीत मेहरौली येथे जो प्रसिद्ध लोहस्तंभ उभा आहे, तो याच विद्येचा नमुना होय. त्याची उंची सात मीटरांहून अधिक व वजन सहा टनांहून अधिक आहे. एवढा मोठा लोखंडाचा गोळा एकाच वेळी तापवील अशी भट्टी सुमारे १६०० वर्षांपूर्वी कोठून असणार? लहान लहान गोळे तापवून, एकमेकांवर ठोकून कारागिरांनी तो घडवला. त्या कारागिरांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

आज हे काम बहुधा विजेने होते. त्यास वेल्डिंग म्हणतात. ते करणाऱ्या कारागिरास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘संधाता’ असे भारदस्त नाव आहे. खेड्यात त्याला कोणी वेल्डर म्हणते, कोणी नुसते मिस्त्री. मुलांनो, तुमच्या गावच्या रस्त्यावर, एखाद्या दुकानापुढे निळसर पांढरा लखलखाट तुम्ही पाहिला असेल आणि ‘तिकडे पाहू नकोस’ म्हणून मोठ्या माणसांनी तुमचा हात ओढला असेल. त्या लखलखाटात काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

तांबट फुटक्या भांड्याला डाक लावतो, तेव्हा भांडे वितळत नाही. दुसराच मऊ धातू वितळून दोन कडांना चिकटतो. वेल्डिंगमध्ये तसे नसते. तेथे जोडावयाच्या कडा स्वतःच वितळतात. घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची असते. वेल्डिंगच्या यंत्रातील ट्रान्सफॉर्मर हा दाब उतरवून शंभर व्होल्टांच्या खाली आणतो आणि त्या मोबदल्यात प्रवाह मात्र पुष्कळ वाढवतो. १०० वॅटच्या दिव्यातून अर्धा अँपिअर प्रवाहही वाहत नाही, परंतु ३.१५ मिलिमीटर जाडीच्या सळईने सांधा करताना सुमारे १०० अँपिअर प्रवाह लागतो. यंत्राची एक तार कामाच्या लोखंडाला व दुसरी हातातील सळईला जोडलेली असते. सळईचे टोक लोखंडाला टेकवून लगेच किंचित उचलले, की मधल्या अंतरातून वीज उडी घेते. तीच ज्योत. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते आणि या ज्योतीचे तापमान कित्येक हजार अंश असते. क्षणात लोखंडाचे लहानसे तळे तयार होते, सळई वितळून त्यात थेंबाथेंबाने पडते आणि हात पुढे सरकला की मागचे तळे गोठते.

सळईवर राखी रंगाचा लेप असतो. नवख्याला तो शोभेचा वाटतो. खरे पाहता अर्धे काम तोच करतो. तप्त लोखंडाला हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन बाधतात. त्यांच्या संसर्गाने सांधा सच्छिद्र व ठिसूळ होतो. लेप जळताना त्याचा धूर तळ्याभोवती पडद्यासारखा राहतो, आणि त्याची राख वितळून तळ्यावर सायीसारखी तरंगते. थंड झाल्यावर तिची काळी, काचेसारखी खपली होते. तिला मळी म्हणतात. जोवर ती वर आहे, तोवर ती रक्षक. सांध्याच्या आत अडकली, की तीच वैरी. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याशीच गाठ आहे.

विजेच्या ज्योतीने धातू जोडण्याची युक्ती रशियातील निकोलाय बेनार्दोस याने १८८१ च्या सुमारास काढली. तो कोळशाची कांडी वापरीत असे. त्याच देशातील स्लाव्यानोव्ह याने १८८८ मध्ये कांडीऐवजी धातूचीच सळई घेतली, आणि स्वीडनमधील ऑस्कर शेलबर्ग याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या सळईला लेप दिला. लेपाचे महत्त्व कळण्यास मधली इतकी वर्षे जावी लागली.

आता ही विद्या शाळेत कशी आली ते पाहू. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे अवर्षणग्रस्त गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ १९८३ मध्ये तेथे जाऊन राहिले. त्यांचा जन्म १९२८ चा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली होती आणि मुंबईतील एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात ते अधिकारी होते. ती नोकरी सोडून त्यांनी पाबळला ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. परीक्षेत नापास होऊन शाळा सोडलेली मुले मंद नसतात; हाताने काम करू दिले तर तीच मुले विज्ञानही शिकतात, असे त्यांचे मत होते व ते त्यांनी प्रत्यक्ष कामाने पडताळून पाहिले. आश्रमातील मुले लोखंड जोडू लागली, विहिरींसाठी पाण्याचा शोध घेऊ लागली, त्रिकोणी चौकटींची घुमटाकार घरे उभारू लागली. पुढे हाच अभ्यास आसपासच्या माध्यमिक शाळांत गेला. आठवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातील एक दिवस हातकामाचा. त्यात कार्यशाळा, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे चार भाग. मुलगे शेतीला आणि मुली स्वयंपाकाला, अशी वाटणी त्यात नाही. सर्वांनी सर्व शिकावयाचे. शिकवण्यास गावातीलच कसबी कारागीर निदेशक म्हणून घ्यावयाचे, आणि मुलांनी गावाची खरी कामे करून द्यावयाची. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रमाचे काम चालू राहिले.

शाळेत जाणाऱ्या मुलाने लोखंडाला हात लावू नये, यात भूषण मानणारे लोक आपल्याकडे थोडे नव्हते, आणि आजही ते अगदी नाहीसे झालेले नाहीत. अशा लोकांनी या शाळांपैकी एखाद्या शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक दिवस उभे राहावे.

अशाच एका शाळेची ही हकीकत आहे. तेथील निदेशक गावचेच लोहार. गावात सारे त्यांना मिस्त्री म्हणत. शाळेत मुले त्यांना सर म्हणू लागली, तेव्हा प्रथम काही दिवस ते हाकेला ओ देत नसत. त्यांना वाटे, दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारली आहे.

पहिले चार आठवडे त्यांनी कोणालाही दोन तुकडे जोडू दिले नाहीत. मोडक्या पत्र्यावर नुसत्या रेघा ओढावयाच्या. काडी ओढल्याप्रमाणे सळईचे टोक घासावयाचे आणि ज्योत धरावयाची. अंतर कमी झाले, की सळई लोखंडाला चिकटून बसे; जास्त झाले, की ज्योत विझे. सळईच्या जाडीएवढेच अंतर ठेवावयाचे आणि सळई झिजत जाते त्या मानाने हात खाली आणीत राहावयाचे, हे सांगण्यास सोपे आहे. ‘डोळ्यांनी शिकू नका, कानांनी शिका,’ असे सर म्हणत. अंतर नेमके असले, की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. तो तुटू लागला, की हात चुकला.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र ते कठोर होते. ज्योतीतून जे अतिनील किरण निघतात ते दिसत नाहीत. त्यांची बाधाही त्याच वेळी कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते, दिवा सहन होत नाही. काळ्या काचेचा मुखवटा, चामड्याचे हातमोजे, जाड सुती कपडे आणि बंद बूट यांवाचून कोणी यंत्राजवळ जावयाचे नाही, असा नियम होता. नायलॉनचा कपडा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळाच्या धुराने ताप भरतो. ज्यात कधी तेल होते असे बंद पिंप तर कोणी सांगितले तरी जोडू नये. आतील वाफेचा स्फोट होतो. एकदा एक मुलगा नुसते डोळे मिटून ज्योत धरू लागला. सरांनी यंत्र बंद केले आणि त्या दिवशी सर्वांकडून फक्त कानस चालवून घेतली.

नववीच्या वर्गाला त्या वर्षी एक खरे काम मिळाले. गावच्या बालवाडीसाठी पिण्याच्या पाण्याची ५०० लिटरची टाकी आली होती. तिला उंचावर ठेवण्यासाठी लोखंडी घडवंची हवी होती. ग्रामपंचायतीने लोखंडाचे पैसे देण्याचे कबूल केले. मग गणित सुरू झाले. चार पाय, प्रत्येकी दोन मीटरांचे. वर १२० सेंटिमीटर लांब व ९० सेंटिमीटर रुंद अशी चौकट आणि मध्ये तशीच दुसरी. एकूण १६.४ मीटर अँगल. ५० मिलिमीटरी, ६ मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो, म्हणजे सुमारे ७४ किलो. शिवाय बाजूंना तिरप्या पट्ट्या. गणिताचे शिक्षक मुद्दाम शेडमध्ये येऊन बसले होते. चौकटीचे कोपरे काटकोनात आहेत हे गुण्या लावून पाहता येते; परंतु मोठ्या चौकटीत गुण्या फसवतो. तेव्हा कर्ण मोजावा. १२० चा वर्ग अधिक ९० चा वर्ग म्हणजे १५० चा वर्ग. दोन्ही कर्ण १५० सेंटिमीटर भरले, तर चौकट बरोबर. पायथागोरसचा सिद्धान्त पाठ असलेल्या मुलांनी त्या दिवशी प्रथमच त्याला टेप लावला.

टेप लावल्यावर पहिली चौकट मात्र चुकली. मुलांनी आरंभी कोपऱ्यांना नुसते टाके दिले होते, तेव्हा माप बरोबर होते. मग उत्साहाच्या भरात त्यांनी एका बाजूने ओळीने सांधे भरत नेले. मोजून पाहतात तो एक कर्ण अर्ध्या सेंटिमीटरने वाढलेला व दुसरा तितकाच आखडलेला. वितळलेले लोखंड गोठताना आकसते आणि आकसताना शेजारच्या लोखंडाला आपल्याकडे खेचते. म्हणून एका कोपऱ्यावर थोडे काम करून समोरच्या कोपऱ्याकडे जावे लागते, म्हणजे एकाची ओढ दुसरा सावरतो. दुसरी चौकट तशी केली आणि ती नीट उतरली.

वरच्या चौकटीचे दोन कोपरे एका मुलीकडे होते. वर्गात तिचा हात सर्वांत स्थिर. तिचा सांधा माशाच्या खवल्यांसारखा एकसारख्या लहरींचा उतरे आणि इतर मुले तो पाहण्यास येत. घरी आजीला हे पसंत नव्हते. पोरीच्या जातीला आगीचा खेळ कशाला, असे ती म्हणे. तरी दर शुक्रवारी नातीचे जाड सुती कपडे धुऊन वाळवून ठेवण्याचे काम आजीच करी.

एका शुक्रवारी सरांनी चाचणीसाठी प्रत्येकाकडून दोन तुकडे एका बाजूने जोडून घेतले, ते व्हाइसमध्ये धरले आणि हातोडीने उलट बाजूस वाकवून मोडले. मोडलेला सांधा हा पुस्तकासारखा वाचता येतो. चांगला असेल, तर आत सर्वत्र चमकदार दाणेदार लोखंड दिसते. तिच्या सुंदर सांध्याच्या तळाशी एक काळी रेघ होती. मळी. तिने हात भरभर चालवला होता; तळे तळापर्यंत पोचलेच नव्हते. ती काही बोलली नाही. पुढचे दोन शुक्रवार तिने फक्त हेच केले: जोडावयाचे आणि मोडावयाचे.

घडवंची उभी राहत आली, तेव्हा कोपऱ्यांत बसवावयाच्या पट्टीला एका मुलाने काटकोनी खाच पाडली. विज्ञानाच्या शिक्षकांनी ती गोल करावयास सांगितली आणि कारण म्हणून एक हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मालवाहू जहाजे झपाट्याने बांधली. नुसत्या ‘लिबर्टी’ जातीची सत्तावीसशेहून अधिक. पूर्वी जहाजांचे पत्रे रिवेटांनी जोडीत. ही वेल्डिंगने जोडली. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंड बंदरात ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे होते. वादळ नव्हते, लाटा नव्हत्या. प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगले. प्रथम वेल्डिंग करणाऱ्यांवर ठपका आला, व तो काही अंशी खराही होता. परंतु इतरही जहाजांना तडे जाऊ लागले, तेव्हा शोध सुरू झाला. केंब्रिज येथील संशोधिका कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले, की त्या जातीचे पोलाद थंडीत ठिसूळ होते. शिवाय काही जहाजांत मालाच्या दारांचे कोपरे काटकोनी होते. सारा ताण तेथे एकवटे आणि तडा तेथून सुरू होई. रिवेटांच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेला येऊन थांबे. वेल्डिंगच्या जहाजाला कडाच नव्हती. सारे जहाज म्हणजे एकच पत्रा. तडा निघाला, की जाईल तेथवर वाट मोकळी.

ही हकीकत ऐकताना ती मुलगी एकदा घडवंचीच्या वरच्या चौकटीकडे पाहत होती.

त्या दिवशी चार वाजता सांधे पुरे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडा रेड ऑक्साइड लावावयाचा होता आणि दुपारी पंचायतीचे लोक घडवंची नेण्यास येणार होते. संध्याकाळी ती सरांच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली.

“सर, वरच्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात आतून मळी राहिली असेल.”

“दिसते का?”

“नाही. वरून चांगला दिसतो.”

“मग तुला कशावरून कळले?”

“मध्येच सळई संपली. नवी लावताना मी मागची मळी झाडली नाही. घंटा होत आली होती.”

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “उद्या रंगाआधी ये. ग्राइंडर मी आणतो.”

सकाळी तो कोपरा कापून उघडला. आत ज्वारीच्या दाण्याएवढी काळी मळी होती आणि तिच्याभोवती पोकळी. मुले वाकून पाहू लागली. एवढ्याशा पोकळीने टाकी पडली असती काय? कदाचित पडली नसती. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो. चार पायांवर वाटले, तर पायाला सव्वाशे किलो आणि टाकीचे वजन वेगळे. तेवढे त्या सांध्याने बहुधा पेलले असते. परंतु टाकी रोज भरते व रोज रिकामी होते, वारा तिला हलवतो, मुले घडवंचीला लोंबकळतात. बारीक तडा अशाच जागी सुरू होतो, आणि तो दिसू नये म्हणून वर रंग असतो.

त्या मुलीची सरांनी स्तुती केली नाही. सळई तिच्या हातात दिली व ते बाजूला उभे राहिले. तिने कडा घासून उघड्या केल्या, हात सावकाश चालवला, मळी ठोकून काढली, ब्रशने झाडली, पुन्हा एक थर दिला. रंग लावण्यास दुपार झाली. घडवंची नेण्यास आलेले पंचायतीचे लोक रिकाम्या ट्रॅक्टरने परत गेले आणि वर्गातील काही मुले तिच्यावर रागावली, कारण त्यांचा क्रिकेटचा सामना बुडाला.

पुढच्या आठवड्यात घडवंची बालवाडीच्या अंगणात, काँक्रीटमध्ये पाय पुरून उभी राहिली. काँक्रीट पुरते मुरू दिल्यावर सरांच्या सांगण्यावरून टाकी एकदम भरली नाही. मुलांनी रांग करून दहा लिटरच्या बादल्या वर पोचवल्या. दहा बादल्या झाल्या, की थांबावयाचे. सर खाली वाकून प्रत्येक कोपऱ्यावर बोट फिरवीत आणि मगच पुढच्या दहा बादल्यांना हात लागे. पन्नासावी बादली त्या मुलीने ओतली. वरून उतरल्यावर ती डाव्या कोपऱ्याखाली जाऊन उभी राहिली आणि वर पाहत राहिली. तोवर बालवाडीतील पोरे आपापले पेले घेऊन नळाभोवती गोळा झाली होती, आणि आधी कोणी पाणी घ्यावयाचे यावरून त्यांचे भांडण सुरू झाले होते.